मिंडाच्या महालाची फरशी

दोमिंग : चपला असू देत, इंदाय पोरी. आत ये आणि आधी बस. सगळं गेलं.

रोवेना : काय गेलं, नोंग दोमिंग?

दोमिंग : मिंडाचा महाल. बावीस खोल्या. तू आज तो नकाशा न्यायला येणार म्हणून सकाळी नीट उघडून बघितलं, तर आत काही नाही. एक पलंग नाही, एक खुर्ची नाही.

रोवेना : कॉम्प्युटर मध्येच बंद पडला होता का?

दोमिंग : कॉम्प्युटर बरा आहे. मी बिघडवलं.

रोवेना : तुम्ही हात लावलात? नांग मिंडा तुम्हाला त्याच्यावरची धूळसुद्धा पुसू द्यायच्या नाहीत.

दोमिंग : ती होती तेव्हा नाही लावला. आता लावला. आठवडाभर, कामावरून आलो की बसायचो.

रोवेना : पण केलंत काय?

दोमिंग : फरशी घातली.

रोवेना : तुम्ही?

दोमिंग : दोन महिने मागे लागली होती माझ्या. ‘दोमिंग, भिंती झाल्या, दारं झाली, पलंग मांडले. आता कुठल्या खोलीला कुठली फरशी ते तू सांग.’ मी म्हणायचो, बाई, दिवसभर गुडघ्यांवर बसून लोकांच्या फरश्या बसवतो, घरी येऊन आता खोट्या बसवू? शनिवारच्या खेळात तुमची मंडळी फासे टाकणार, राक्षस मारणार. खाली कोण बघतंय.

रोवेना : त्या बघायच्या. मी खेळातली गोष्ट सांगताना म्हणायचे, ‘तुम्ही दार उघडून आत आलात.’ बाकीचे विचारायचे खजिना कुठे, राक्षस किती. नांग मिंडा विचारायच्या, ‘पायाखाली काय आहे?’

दोमिंग : असं विचारायची?

रोवेना : दर शनिवारी. आली फरशीवाल्याची बायको, म्हणून चिडवायचो आम्ही.

दोमिंग : हे कधी बोलली नाही मला.

रोवेना : तुम्ही विचारलं होतंत का कधी, शनिवारी काय करता म्हणून?

दोमिंग : नाही.

रोवेना : बरं, ते राहू दे. काय काय केलंत ते क्रमाने सांगा. शाळेत मी मुलांना गणित मांडायला लावते ना, तसं.

दोमिंग : खोलीच्या कडेकडेने रेघ ओढली. कुठली फरशी ती निवडली. मग ती आपोआप भरते. स्वयंपाकघराला लाल, तिरकी. खोली लहान असली की तिरकी लावावी, मोठी दिसते. तळघराला दगड. झोपायच्या खोल्यांना फळ्या. जिन्याखाली मुद्दाम खरखरीत घेतली, कोणी घसरायला नको.

रोवेना : नकाशातला जिना आहे, नोंग.

दोमिंग : असू दे. तीन खोल्या व्हायच्या एका दिवसात. मी फरशीच बघत होतो, सांधे जुळतात की नाही. आज सकाळी सगळा महाल एकदम बघितला. नुसत्या फरश्या. आम्ही काम संपवून मालकाला किल्ली देतो ना, तेव्हा घर जसं असतं तसं. रिकामं. तिने चुलीपाशी एक मांजर काढलं होतं, तेही नाही.

रोवेना : कुठल्या थरावर घातलीत?

दोमिंग : थर कसला? चुन्याचा?

रोवेना : अहो, यात थर असतात. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे. सगळ्यात खालच्या काचेवर फरशी, तिच्यावर सामान, त्याच्यावर भिंती.

दोमिंग : फरशी आधी?

रोवेना : आधी नाही, खाली.

दोमिंग : आमच्यात शेवटी. आधी भिंती, गिलावा, रंग. फरशी आधी बसवली तर गिलाव्यावाला सगळी घाण तिच्यावर पाडतो. पोरगा होतो तेव्हापासून शेवटीच बसवतोय.

रोवेना : म्हणून सगळ्यात वरच्या थरावर घातलीत. नोंग, तुम्ही पलंगांवर फरशी बसवलीत.

दोमिंग : पलंगांवर?

रोवेना : पलंगांवर, खुर्च्यांवर, देवळीतल्या संतांच्या मूर्तींवर.

दोमिंग : मांजरावर?

रोवेना : मांजरावरही.

दोमिंग : हस तू. मोकळेपणी हस. तीही हसली असती.

रोवेना : माफ करा. द्या इकडे. गेलं नाहीये काही, खाली आहे.

(रोवेना लॅपटॉप आपल्याकडे ओढते. एकेक बटण दाबू लागते.)

रोवेना : हं. आता बघा.

दोमिंग : पलंग आला.

रोवेना : सगळं येईल. एकेक खोली खालच्या थरावर ढकलायची.

दोमिंग : ते बघ मांजर. लाल फरशीवर बरं दिसतंय की.

रोवेना : छान झालीय हो फरशी, खरंच. शनिवारी नांग मिंडांना जाऊन चाळीस दिवस होतात. जेवणं झाली की ह्याच महालात शिरायचं, असं ठरलंय सगळ्यांचं. आता कोणी विचारलं, पायाखाली काय, तर सांगता येईल.

दोमिंग : मला वाटलं, होतं नव्हतं तेही मी पुरलं.

रोवेना : थांबा. ह्या तेवीस खोल्या आहेत. स्वयंपाकघरामागची ही लहानशी खोली राहिली तुमची.

दोमिंग : राहिली नाही. ठेवली.

रोवेना : नांग मिंडांनी काहीतरी लिहिलंय हिच्यात. ‘दोमिंगची खोली. त्यालाच विचारायचं.’

दोमिंग : वाचलंय मी.

रोवेना : मग?

दोमिंग : ती गेली त्या दिवशी तिने तीनदा फोन केला होता, इंदाय. अकरा वाजून दहा मिनिटांनी पहिला. मी हारो भागात एका घरी होतो, हात सिमेंटने भरलेले. बरोबरचा कारागीर म्हणाला, घे की. मी म्हटलं, राणीसाहेब आहेत, महालाला फरशी नाही म्हणून. दोघं हसलो. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही हसलो.

रोवेना : नोंग.

दोमिंग : दुपारी शेजारीण आली सांगायला. तुला आला होता का फोन? तुला काही म्हणाली होती, बरं वाटत नाही वगैरे?

रोवेना : मला नव्हता आला.

दोमिंग : फरशीचंच विचारायचं असेल. असेल ना?

रोवेना : मला माहीत नाही, नोंग. असेल म्हणाले, तर ते खोटं होईल.

दोमिंग : नको म्हणूस.

रोवेना : कॉफी करू का? मी करते, तुम्ही बसा.

दोमिंग : कर. पण आत जपून चाल. चुलीपाशी कोबा उखडलाय, पाय अडखळतो. तिथेच पडली होती ती. शेजारणीने उचललं तेव्हा गालाला सिमेंट लागलं होतं.

रोवेना : तुमच्या घरात कोबा आहे हे आम्हाला कोणाला खरंच वाटायचं नाही.

दोमिंग : अर्ध्या इलोइलोला फरशी बसवली मी. घरी म्हणायचो, हे काम संपू दे, मग आपलं. फरशी तिने निवडून आणलीय, चार वर्षं झाली. खोकी मागे पडवीत आहेत. मयत घरात असेपर्यंत केर काढायचा नसतो, तर दफन होईपर्यंत पाच दिवस मी तो कोबाच बघत बसलो होतो. लोक रात्री मयतापाशी जागायला यायचे, शेंगदाण्याची सालं पाडायचे, आणि मी बघायचो.

रोवेना : मग आता बसवा.

दोमिंग : दोनदा खोकं उघडलं. पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवलं.

रोवेना : आणि महालातली ही खोली? शनिवारी कोणीतरी हे दार उघडणारच. विचारतील, पायाखाली काय आहे. काय सांगू?

दोमिंग : कोबा आहे म्हणून सांग. फरशी बसवायची राहिली आहे.