मोहाखालचा लीडर

माह्यं ऐका, फुकटात व्हॉलंटिअर कुठीच होऊ नका. चामोर्शीले छोट्या उद्योजकाईसाठी लीडरशिपचं शिबिर होतं, अन् माह्यं काम काय, तर माइक घेऊन धावणं. पुण्याचे एक सर शिकवून राह्यले होते. मोहफुलाचे लाडू इकणाऱ्या ताराबाईले त्यायनं इचारलं, "तुमचा स्पर्धक कोण?"

"अस्वल," बाई म्हणे. "मोहफुलं त्यालेबी लागतेत."

"मग तुम्ही त्याच्या आधी पोहोचता ना?"

"नाई जी. ते खाऊन गेलं की मंग आमी येचाले जातो."

सर उसळलेच. "हीच तुमची चूक! लीडर नेहमी पहिला पोहोचतो!"

"माही जाऊ गेली होती पहिली," बाई म्हणे. "अस्वलानं एक कान तोडला तिचा."

सरानं खाकरून स्लाइड बदलली.

चहाच्या सुट्टीत सर हळूच माह्याजवळ आले. "बाथरूम कुठं आहे हो?"

"हॉलच्या मांगं, मोहाच्या झाडाईखाली."

सर दारातच थबकले. "भाऊ, तुम्ही जरा पुढं चला ना."

मी म्हटलं, "नाई जी सर. लीडर पहिले."