एकटीच ये

जयमाला: एकटीच ये? असं म्हनला तो तुझा मॉडेलिंगवाला अंगद सर? आन तू लगेच बॅग भरायला घेतलीस! शाबास गं बाई.

दिपाली: मावशी, लोणावळ्याला शूट आहे. मोठ्या ब्रँडचं. असली संधी नगरच्या पोरींना रोज मिळत नाही.

जयमाला: कोनता ब्रँड?

दिपाली: ते आधी सांगत नसतात.

जयमाला: आन घालायचं काय?

दिपाली: तेही लॉजवर गेल्यावरच कळेल.

जयमाला: लॉजवर! बरंच सोवळं काम दिसतंय. अगं, काष्टीच्या बाजारात गाय इकतानासुदिक मालक दावं धरून उभा ऱ्हातो.

दिपाली: मी काय गाय आहे का?

जयमाला: न्हाई. गाय अनोळखी मानसाला शिंग तरी दाखवती.

दिपाली: तुला माझं काहीच पटत नाही.

जयमाला: दिवाळीत साडीच्या दुकानाचं काम आलं, तवा तुझ्या आईला कुनी समजावलं? ती फोनवर रडत हुती, पोरगी लोकांपुढं मिरवनार का म्हनून. मीच म्हनले, पोरीच्या चेहऱ्यात हाय कायतरी, करू दे तिला.

दिपाली: आणि मग शूटला येऊन काय केलंस? ऐन फोटोत माझ्या निऱ्या सारख्या करायला हात घातलास! दुकानदाराने तोच फोटो फ्लेक्सवर छापला. अख्खी सावेडी विचारते, हा हिरव्या बांगड्यांचा हात कुणाचा? मला तोंड लपवायची पाळी आली. म्हणून तर मी म्हणते, तू सोबत नको.

जयमाला: निऱ्या सुटल्या हुत्या, ते फोटोवाल्याला दिसलं का? आन साड्या खपल्याच ना? दुकानदारानं पुन्ना बोलावलंय, तर तिथं जायला नाक मुरडतीस.

दिपाली: जन्मभर पैठण्याच नेसून उभी राहू का?

जयमाला: बरं, हो मोठी. लाव त्याला फोन, स्पीकरवर. म्हनावं मावशी येती. कोपऱ्यात गप बसंल, हात लावनार न्हाई.

(दिपाली फोन लावते.)

दिपाली: सर, दिपाली बोलतेय. सोबत मावशी आली तर चालेल ना?

अंगद सर: दिपाली, डिअर, आपलं बोलणं झालंय. घरचे आले की मुलींचा चेहरा आखडतो. इंडस्ट्रीत हे चालत नाही.

दिपाली: ती बाहेर बसेल, सर.

अंगद सर: बाहेरही नको. आणि घरी कॉलेजची सहल सांगायचं ठरलं होतं ना?

जयमाला: सहल! कितवीच्या वर्गाची रं मास्तर? पत्ता दे, सगळी आळी घेऊन येते.

अंगद सर: अच्छा, स्पीकरवर आहे का? मग राहू दे. गावाकडच्या मुलींचा हाच प्रॉब्लेम. तुझ्याच वर्गातली रेश्मा एकटी यायला तयार आहे. निघालीसुद्धा असेल.

जयमाला: ठेवला मुडद्यानं! एवढा मोठा सायेब, आन एका मावशीला भ्याला. तू रडू नको, पूस डोळे. आन ही रेश्मा कोन? अक्कल गहान टाकलीय का तिनं? घरी विचारनारं कोनी न्हाई?

दिपाली: पाथर्डीकडची आहे. आई-वडील ऊसतोडीला गेलेत, ती इथे हॉस्टेलवर असते. मावशी, ती फोन उचलत नाही गं.

जयमाला: पुन्याची गाडी स्टँडवरनंच सुटती ना?

दिपाली: हो. पण ती आपलं ऐकेल का?

जयमाला: न ऐकून जाती कुठं! तिला शिव्या घालायला बी कोनीतरी पायजेल ना. काढ स्कूटी.