जयंती फायनल

(अंधेरीतलं डीजेच्या सामानाचं दुकान. काउंटरमागे दुकानदार मिथुन, समोर विकी, मध्ये विकीचा लॅपटॉप उघडा. शेजारी स्टुलावर त्याची आई, सुंदराबाई.)

मिथुन : चार डेकवर एकदम चार गाणी फिरवून करणार काय भावा? हळदी, बारशी, जयंती, एवढंच वाजवतोस ना? दोन डेकवाला कंट्रोलर बस झाला. सॉफ्टवेअर तुझं आहे तेच चालेल.

विकी : नको रे, सॉफ्टवेअर पण बदलू. ह्यात आवाज नीट येत नाही.

सुंदराबाई : चांगलं दाखव हो दादा. जयंतीला ह्यानं माझ्या आवाजातलं भीमगीत लावलं होतं. सगळ्या वाकोल्यानं ऐकलं, मीच तेवढी राहिले. गुडघ्यानं घरात बसवलं.

मिथुन : मावशी, तुम्ही गाता? झकास!

सुंदराबाई : गाते आपली विहारात. शेजारची शकु सांगत होती, तुझं गाणं लागलं आन् पोरं हसून हसून दमली. म्हणजे खुशीतच की. लई बरं वाटलं. तवापासून ह्याच्या मागं लागलेय, मला ऐकव म्हणून.

विकी : सांगितलं ना आई, त्या दिवशीचं रेकॉर्ड नाही झालं.

मिथुन : झालंय की! हे बघ, ‘जयंती फायनल’. लावतो, आवाजाचा लोच्या काय आहे ते तरी कळेल.

विकी : मिथुन, नको. यार, थांब ना...

मिथुन : अरे, हे काय? कार्टून गातंय का?

विकी : बंद कर.

मिथुन : की लॉक दाबलंच नाहीस! गाणं फास्ट केलं की आवाज चिरका होतो, म्हणून तर ते बटण असतं. हे काय, समोरच आहे. सॉफ्टवेअरला कशाला नावं ठेवतोस?

सुंदराबाई : विकी, शब्द माझ्या गाण्याचे हायत.

मिथुन : ओह. सॉरी मावशी. करतो बंद.

सुंदराबाई : ऱ्हाऊ दे. माइकवर कोण हसतंय?

विकी : पोरं असतील.

सुंदराबाई : पोरं लांब असत्यात. हे जवळून हाय. ‘वन्स मोअर’ म्हणतंय बघ.

विकी : मी आहे, आई.

सुंदराबाई : तू?

विकी : सगळे हसायला लागले, मग मी पण... घरी आलो तर तू जागी. कसं झालं विचारलंस. मला तोंडच वर करवेना गं. लाज वाटली, म्हणून खोटं बोललो.

सुंदराबाई : आन् मी गल्लीभर सांगत फिरले. माझं गाणं लागलं, माझ्या पोरानं लावलं.

विकी : पुढच्या वेळी तुझ्या खऱ्या आवाजात लावतो. शप्पथ, आई.

मिथुन : मग... कुठला काढू, भावा?

सुंदराबाई : दोन डेकवाला काढ, दादा. कामाचं हाय त्याच्या. विकी, नीट बघून घे. माझं गाणं तेवढं त्यात घालू नको.