पांढरं हेल्मेट

फूऽऽश!... असा आवाज यायचा हो खाडीतून, मी सात वर्षांचा होतो तेव्हा, भल्या पहाटे, देवमाशाच्या श्वासाचा... आणि तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला, सांगा बरं, तीन तास एका न्यायाधीशाचं कागद वाचणं ऐकवेल का? तेही परक्या भाषेत, आणि टीव्हीवरची दुभाषी बाई सर्दी झालेली! पण बसलो. गावातली सगळी म्हातारी डोकी सभागृहात चटयांवर पाय दुमडून बसलेली, माझ्या एका बाजूला बायको हत्सुए, दुसऱ्या बाजूला तिची थोरली बहीण किमियोताई, मधे मी... आता उठणार कुठून?

लोक म्हणतात, ऑस्ट्रेलियानं आमच्या जपानवर आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला होता, देवमासे मारतात म्हणून. भरला असेल. पण तुम्हाला सांगतो, खटला दोन देशांचा नव्हताच. दोन बहिणींचा होता!

म्हणजे असं बघा. किमियोताईंचे यजमान हेडमास्तर. वारले, पण हेडमास्तर म्हणून वारले. आणि हत्सुएच्या वाट्याला कोण? मी! सहावीत शाळा सोडलेला, जहाजावर देवमासे कापणारा. बिचारी माहेरच्या प्रत्येक लग्नात मागच्या रांगेत बसायची. मग एक वर्ष फर्मान निघालं, की यापुढे धंद्यासाठी मारायचं नाही, संशोधनासाठी मारायचं. जहाज तेच, सुरा तोच, मीही तोच... फक्त मला एक पांढरं हेल्मेट मिळालं, वर 'संशोधन' लिहिलेलं! ते मी घरी आणलं मात्र, हत्सुएनं देव्हाऱ्याशेजारी मांडलं आणि लगेच फोन लावला, "अगं ताई, काही नाही, सहज केला. आमचे हे आता संशोधनात असतात."

अठरा वर्षं हो! अठरा वर्षं मी संशोधनात! न्हावी विचारायचा, "या शास्त्रज्ञ, कल्ले ठेवू का उडवू?" मी कसला शास्त्रज्ञ? मी फक्त कान काढायचो.

हसू नका. देवमाशाच्या कानात मळाची एक कांडी असते, बोटाएवढी, वर्षाला एक थर चढतो तिच्यावर. थर मोजले की वय कळतं. पण मऊ किती, ताज्या तोफूसारखी! जोर लावला की गेली. बाकीचे धसमुसळे, म्हणून ते काम माझ्याकडे. मी श्वास रोखून, दोन्ही हातांनी, तान्हं बाळ उचलावं तशी ती उचलायचो आणि जहाजावरच्या खऱ्या शास्त्रज्ञ साहेबांना विचारायचो, "केवढी होती?" ते म्हणायचे, "एकोणतीस." म्हणजे माझ्या थोरल्या लेकीएवढी... मग त्या दिवशी जेवण जायचं नाही. पण हे कोणाला सांगणार? शास्त्रज्ञ ना मी!

तर निकालाचा दिवस. हत्सुए सकाळीच म्हणाली, "हेल्मेट घालून चला." मी म्हटलं, "अगं, बसायचंय चटईवर, वरून काय पडणार आहे?" ती म्हणाली, "ताई येणार आहे." संपलं! गेलो घालून. नगराध्यक्षांनी 'विजय' लिहिलेला कागदी फलक गुंडाळून आणला होता. एकच आणला होता. हरलो तर काय दाखवायचं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आणि हरलो. सोळांपैकी बारा न्यायाधीश म्हणाले, हे काही संशोधनासाठी चाललेलं नाही, इतके मारलेत आणि शोधलंत एवढंसंच, आता परवाने बंद. नगराध्यक्ष हळूच फलकावर बसले. पण माझं लक्ष तिकडे कुठलं? खटला दोन देशांचा नव्हताच ना!

किमियोताईंनी भाताचा गोळा खाली ठेवला, बोटं पुसली आणि साखरेच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मी अडाणी बाई. ते न्यायाधीश राहू देत, तुम्हीच सांगा. इतक्या वर्षांत काय कळलं?"

"वय कळतं, ताई."

"मारल्यावर?"

"हो... मारल्यावर."

आता इथे गप्प बसावं की नाही? पण माझ्या खिशात डबी होती. डबीत एक कांडी होती, माझ्याच हातून मोडलेली. जहाज हेलकावलं आणि मोडली. साहेब म्हणाले, मोडकी मोजता येत नाही, टाका समुद्रात. मला टाकवली नाही. ती डबी मी उघडून ताईंपुढे ठेवली. का ठेवली? वाटलं, निदान बघतील तरी किती नाजूक काम असतं ते!

"ही केवढी होती?" ताई.

"हिचं नाही कळलं. मोडली."

"मग हिला कशाला मारलं?"

बघा! जे विचारायला सोळा जणांना तीन तास लागले, ते या बाईनं भात खाता खाता विचारलं! हत्सुए माझ्याकडे बघतेय, डोळ्यांनी म्हणतेय, बोला ना, संशोधनासाठी म्हणा, एक शब्द तर आहे, डोक्यावरच लिहिलाय! आणि मला वेळ लागतो हो बोलायला, पहिल्यापासून लागतो... मी बोललो तोवर ताईंचा चहा निवला होता.

"मला माहीत नाही, ताई."

तुम्हाला वाटेल, ताई हसल्या. नाही हसल्या. तेच तर! हसल्या असत्या तर हत्सुए भांडली असती, आणि भांडणात ती कोणाला ऐकत नाही.

हत्सुएनं जेवणाचा डबा बंद केला. मग ती डबी उचलली, दोन्ही हातांनी, श्वास रोखून, जशी मी कांडी उचलायचो अगदी तशी, आणि रुमालात बांधली. आता हा निकाल कोणाच्या बाजूनं लागला, तुम्हीच सांगा, मला तर अजून कळलेलं नाही. न्यायालयानं निदान वाचून तरी दाखवला होता... हिनं दाराशी जाऊन चपला सरळ केल्या, पायांत घातल्या, आणि मला तिथेच, हेल्मेटसकट सोडून, निघून गेली.