उजव्या हाताचा गेअर

अध्यक्ष आबा, गावकरी मंडळी, आणि बाहेरगावाहून आलेले पाहुणे,

मला बोलायला उभं करू नका, असं मी सकाळीच सांगितलं होतं. शोकसभेत जे बोलायचं असतं ते मला जमणार नाही, आणि जे मला बोलायचंय ते शोकसभेत बोलत नाहीत. तरी माझं नाव पुकारलं गेलं. या केळीच्या वखारीत मी उभं आयुष्य आरडाओरडा केला, मजुरांवर ओरडलो, सुपडूवर ओरडलो. हळू बोलायची सवय नाही. जरा सांभाळून घ्या.

माझ्या आधी चार जण बोलले. चौघांनीही एक गोष्ट सांगितली. सुपडूभाऊ म्हणजे शब्दाला जागणारा माणूस.

मंडळी, माझ्याशी तो शब्दाला जागला नाही.

चुळबुळ करू नका. मी अक्कांना विचारून उभा राहिलोय. सुपडूची बायको समोर बसलीय, विचारा तिला. मी म्हटलं, अक्का, माझ्या पोटात राग आहे, मी गप्प बसतो. तर ती म्हणाली, "गोड बोलनारा बठ्ठा बोली ग्यात, भाऊ. तुम्ही जे शे ते बोला." गोड बोलणारे सगळे बोलून झाले, म्हणून आता जे आहे ते मी बोलतो.

सुपडू आणि धुडकू. आमच्या दोघांच्याही आयांची आधीची लेकरं जगली नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून अशी टाकाऊ नावं ठेवली. म्हणजे आमची जोडी पाळण्यापासूनच ठरलेली. माझा डावा हात जिनिंगच्या पट्ट्यात सापडला तेव्हा आम्ही ऐन तरुण होतो. हात वाचला, पण मुठीतली ताकद गेली. हा बघा. ताट धरतो, पण कळशी धरत नाही. मला मोटारीचं वेड, आणि डावा हात असा. लोक म्हणायचे, धुडकू आता वखारीच्या दारात बसून घड मोजणार. एकटा सुपडू तसं म्हणाला नाही.

एका शेठजींची लढाईच्या आधीची अमेरिकन मोटार गोठ्याशेजारी सडत पडली होती. आम्ही दोघांनी ती भागीत घेतली. सुपडूनं तिचा मागचा अर्धा भाग कापून काढला आणि सुताराकडून बाभळीच्या फळ्यांचा हौदा बसवून घेतला. गावानं नाव ठेवलं, अर्धी मोटार. तिच्यातून भडगावची केळी पाचोऱ्याच्या स्टेशनला गेली, वऱ्हाडं गेली, अडलेल्या बाया दवाखान्यात गेल्या. इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी कधी ना कधी तिच्या हौद्यात बसलेत.

पण ती गाडी मी चालवू शकलो ती कशामुळे? गेअरचा दांडा मधोमध, डाव्या हाताला. माझा तोच हात निकामी. सुपडूनं कुठून कुठून सळया आणल्या, गाडीखाली उताणा पडून त्या जोडल्या, आणि दांडा उजव्या बाजूला आणला. दाराला लागून. तेलानं माखलेला तसाच बाहेर आला आणि म्हणाला, "डावा हात चालत नई ना? मंग उजवाले काम देऊत. बस." मी बसलो. डावा तळवा स्टेअरिंगवर नुसता टेकवायचा आणि उजव्या हातानं गेअर टाकायचा. गाडी हलकी होती, ऐकायची. साऱ्या खानदेशात अशी दुसरी गाडी नव्हती. ती माझ्या मापाची शिवली होती, मंडळी. सुपडूनं शिवली होती.

तिच्यावर मी कित्येक वर्षं काढली. मला कुणी लुळा म्हटलं नाही. ड्रायव्हर म्हटलं.

मग पारोळ्याच्या रस्त्यावर इंजिनाचा ब्लॉक तडकला. गाडीत वऱ्हाड होतं. नवरीचा मामा मलाच शिव्या घालत होता. बैल जोडून गाडी परत आणली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं इंजिन शोधायला धुळ्याला गेलो.

ते पेट्रोल महागलं त्याच साली. भंगारवाल्यांकडे फळ्यांवर इंजिनं मांडलेली. कुणी म्हणे हे घ्या, कुणी म्हणे ते घ्या. सुपडू इंजिनं बघायचा ती बाजारात बैल बघतात तशी. आधी लांबून, मग मागून. तोंडाशी शेवटी जायचा. एक डिझेल होतं, ट्रकमधून काढलेलं, थोराड. आणि एक पेट्रोल होतं, आमच्याच गाडीच्या जातीचं, तिकडच्या कुठल्या वकिलाच्या मोटारीतलं. दुकानदारानं ते फळीवरच चालू करून दाखवलं. सुपडूनं लाकडी दांडकं इंजिनाला लावलं आणि दुसरं टोक माझ्या कानाला. "आयक," म्हणाला. मी ऐकलं. आत नुसती कुजबुज. मी म्हटलं, सुपडू, हेच. हेच आपलं. जुन्या सळया जशाच्या तशा बसतील. तो म्हणाला, "बसतीन."

आणि मग त्यानं काय केलं सांगतो. चंचीतून सुपारी काढली. त्या भंगाराच्या दुकानात, अडकित्त्यानं फोडली. एक तुकडा दुकानदाराला, एक मला, एक स्वतःच्या तोंडात. आपल्याकडे सोयरीक ठरली की सुपारी फोडतात. एकदा फुटली की मुलीचा बाप मेला तरी ती मोडत नाहीत. इंजिनाची सुपारी फोडलेली मी कधी पाहिली नव्हती. दुकानदार हसायला लागला. सुपडू हसला नाही. मला म्हणाला, "सुपारी फुटनी, धुडकू. आते मोडाव नई."

आता मोडणार नाही. त्याचे शब्द आहेत हे. माझे नाहीत.

इंजिन बसवायला थोडे दिवस लागणार होते. मधे माझ्या भाचीचं लग्न होतं पिंपळनेरला. सुपडू म्हणाला, तू जा, मामानं असायला पाहिजे. मी गेलो. अक्षता टाकल्या, जेवलो, सोयऱ्यांना इंजिनाचं कौतुक सांगितलं. सगळ्यांना सांगितलं हो. आवाज असा येत नाही, म्हटलं, शेजारी मूल झोपलं तर उठणार नाही.

परत आलो आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी धडधड ऐकू आली. मला वाटलं, कुणी तरी विहिरीवरचा पंप दुरुस्तीला आणलाय. पुढे आलो तर आमची अर्धी मोटार थरथरत उभी, आणि नळीतून काळा धूर.

मी म्हटलं, "हाई काय शे, सुपडू?"

"डिझेल शे. पेट्रोल आते परवडाव नई."

गल्लीतले सगळे माना डोलवत होते. बरोबर केलं, शहाणपणा केला. असेल. पण तो बोलताना माझ्याकडे बघत नव्हता, रेडिएटरकडे बघत होता. मी गाडीत चढलो. माझा उजवा हात सवयीनं दाराशी गेला. दांडा तिथेच होता. मी तो पुढे लोटला. तो गेला पुढे, मागे ओढला, आला मागे. कुठे अडकलाच नाही. खाली काही जोडलेलंच नव्हतं. डिझेलला त्याचा स्वतःचा गेअरबॉक्स, त्याचा दांडा मधोमध, डाव्या हाताला. आणि त्या वजनानं पुढची चाकं अशी दबलेली की स्टेअरिंग वळवायला दोन धड हात हवेत.

मी खाली उतरलो. त्यानंतर ती गाडी मी कधी चालवली नाही. ती सुपडू चालवायचा.

तुम्हाला वाटायचं, धुडकूनं आपणहून सोडली. वय झालं, दमला. सुपडूनं भागी मोडली नाही, माझा वाटा घरी येत राहिला, आणि तुम्ही म्हणायचात, काय दोस्त आहे! मंडळी, मला वाटा नको होता. मला स्टेअरिंग हवं होतं. ज्यानं ते माझ्या हातात दिलं त्यानंच काढून घेतलं, आणि तेही मी लग्नात अक्षता टाकत असताना. समोरासमोर भांडला असता तर मी त्याचं डोकं फोडलं असतं आणि आमचं मिटलं असतं.

आम्ही बोलायचो. पाऊस, केळी, पोरांची लग्नं, सगळं बोलायचो. त्या सुपारीबद्दल तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. का विचारू? ज्यानं मोडली त्यानं सांगायचं. तो आजारी पडला तेव्हा मी रोज उशाशी जाऊन बसलो. तुम्ही म्हणालात, केवढी माया. माया होतीच. पण मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल. तो विचारायचा, "गाडीमा तेल देखं का?" बस. एवढंच. आणि गेला.

काल अक्कांनी मला सांगितलं. म्हणाली, "त्यासनी तुमना हात देखेल व्हता, भाऊ." पारोळ्याच्या रस्त्यावर, ब्लॉक तडकायच्या जरा आधी, समोरून बैलगाडी आडवी आली आणि माझा डावा तळवा स्टेअरिंगवरून घसरला. शेजारी बसलेल्या सुपडूनं स्टेअरिंग धरलं. मला वाटलं होतं तोल जाऊन धरलं. मागे हौद्यात वऱ्हाड होतं, लेकरं होती. घरी येऊन तो अक्काला म्हणाला, धुडकूचा हात आता राहिला नाही. अक्का म्हणाली, मग सांगा त्यांना. त्याला धीर झाला नाही.

तुम्हाला वाटेल, आता धुडकूचा राग गेला असेल. नाही गेला. वाढला. म्हणजे धुळ्यात माझ्या कानाला दांडकं लावताना त्याला माहीत होतं. सुपारी फोडताना माहीत होतं. पैशासाठी फसवलं असतं तर मी समजून घेतलं असतं, सगळेच फसतात पैशापायी. यानं मला जपण्यासाठी फसवलं. अरे, मी काय लेकरू होतो? "धुडकू, तुना हात गया," एवढं तोंडावर म्हणाला असता! मी आईवरून शिव्या घातल्या असत्या, महिनाभर तोंड पाहिलं नसतं, आणि मग किल्ली माझ्या हातानं त्याला दिली असती. माझ्या हातानं. ते त्यानं मला करू दिलं नाही. हे मी त्याला माफ करत नाही. आज तर नाहीच.

अजून एक सांगतो आणि बसतो. तो उजवीकडचा दांडा सुपडूनं कधी काढला नाही. चढता उतरता त्याच्या गुडघ्याला लागायचा. पोरं म्हणायची, काढून टाका की. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे." मला वाटायचं, चिडवतोय मला. आज सभेआधी मी बाहेर गेलो, गाडीत चढलो, त्याच्या जागेवर बसलो. दांड्याला हात लावला. हाताला वंगण लागलं. बुडाशी जुन्या वंगणाचे थरावर थर, वरचा अजून मऊ. आजारी पडेपर्यंत, मंडळी, तो कशालाच न जोडलेल्या दांड्याला वंगण घालत होता.

याचं काय करायचं ते मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर मला सांगा.

आता उभे राहू या. त्याचा पुतण्या बाहेर गाडीशी थांबलाय, पाहुण्यांना स्टेशनवर सोडायचंय. त्याला निरोप द्या, इतक्यात चालू करू नकोस. ते डिझेल मी फार ऐकलं. आता थोडा वेळ सगळे गप्प राहा, एकदम गप्प. धुळ्याला त्यानं माझ्या कानाशी धरलं होतं ना, त्या इंजिनाइतकं गप्प.

राम राम, सुपडू. सुपारी तू मोडलीस. मी नाही.