आईने दिलेले बासष्ट

"लेकीला घरी शिकवशील, तर ती घरची शाळा संपेल तेव्हा तूच रडशील," असं एका तरुण आईला तिच्या मावशीने बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. आज लेकीला कडेवर घेऊन ती स्वतःचा जुना दाखला न्यायला कॉलेजच्या कचेरीत आली, तर शेजारच्या बाकावर मायलेकींची जुंपलेली.

"आई, गणितात बासष्ट? मला?"

"हळू बोल. घरच्या शाळेचं गुणपत्रक. पंच्याण्णव लिहिले असते, तर लोक म्हणाले असते, आईनेच दिले."

"अगं, पण तूच दिलेस ना!"

"म्हणून तर हात आखडला."

"इथे सत्तरच्या आत प्रवेशच देत नाहीत!"

"ते मला आज कळलं गं. जा, आतून सरांची हाक आली. सांग त्यांना, 'चूक आईची आहे, हवी तर माझी परीक्षा घ्या.'"

अर्ध्या तासाने सरांच्या खोलीचं दार धाडकन उघडून लेक बाहेर आली.

"आई! घेतलं मला! समोर बसवून दहा गणितं घातली, नऊ सुटली!"

"दहावं कसं चुकलं?"

"आई!"

"बरं बरं, ये इकडे, माझी राणी ती!"

"सर विचारत होते, एवढी कडक शाळा कुठली?"

"मग?"

"म्हटलं, आमच्या स्वयंपाकघरातली. सोमवारी आठला निघायचंय मला."

"सोमवारी आठला तर आपला भूगोल असतो."

"आई, आता तुला सुट्टी!"

"हो की. सुट्टीच."

मावशीचं बोलणं आठवून तरुण आईने कडेवरची लेक जरा घट्ट धरली. घरची शाळा अशी सुटलेली एखादी आई तुमच्या शेजारी असेल, तर सोमवारी आठनंतर तिच्याकडे डोकावून याल ना?