बाल्तझारच्या हॉटेलात अडीच दिवस

नाही, उशीचं मी एक वेळ समजू शकतो! हॉटेल म्हटल्यावर उशी असणारच. पण ओदेतच्या बाजूला पातळ उशी आणि माझ्या बाजूला जाड? का? ओदेतची मान दुखते हे त्या माणसाला सांगितलं कुणी? मी तिचा नवरा, पस्तीस वर्षं तिच्या शेजारी झोपतोय, मला माहीत नव्हतं... म्हणजे मान दुखते हे माहीत होतं, रोज म्हणते ती, पण मानेचा आणि उशीचा काही संबंध असतो हे कुणाच्या डोक्यात येईल? आणि तो एव्होऱ्यातला अकरा खोल्यांच्या हॉटेलचा मालक, चांदीसारखे केस, तागाचा शर्ट, या वयात सगळे दात स्वतःचे, त्याला बरोब्बर माहीत! आता यात मत्सर कसला, सांगा! मी आपला साधा प्रश्न विचारतोय.

थांबा, असं नाही कळायचं. मी जेर्वाझियो. सेतुबालच्या बंदरात मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात बघा, तीनदा साबणानं धुतलेत, तरी डिझेलचा वास येतोय ना? येणारच, तो आता माझाच वास झालाय. आमची ओदेत तारल्यांचे डबे भरायच्या कारखान्यात होती, एकतीस वर्षं. गेल्या वर्षी कारखाना बंद झाला. तेव्हापासून तुम्हाला सांगतो, ती बाई खिडकीशी बसली ती बसलीच. सकाळी घरातला झगा, संध्याकाळी तोच झगा, केसांना रंग लावायची सोडली. मी म्हणायचो, "चल, बंदरावर चक्कर मारून येऊ," तर म्हणायची, "मला आता कोण बघतंय?" मी म्हणायचो, "मी बघतो ना!" त्यावर ती अशी बघायची माझ्याकडे... जाऊ दे.

तर आमच्या मुलीनं, तेल्मानं, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला भेट दिली, एव्होऱ्यात तीन दिवस, दोन रात्री, 'तीन संत्री' नावाचं छोटं हॉटेल. एव्होरा म्हणजे ओदेतचं माहेर, लग्नानंतर आई होती तोवर गेलो दोनचारदा, मग तेही सुटलं. मी म्हटलं छान! बसमध्ये बसलो, आणि ओदेतनं तो छापलेला कागद वाचला आणि किंचाळली, "अगं बाई, बाल्तझार! मालक आपला बाल्तझार आहे!"

आपला? आपला म्हणजे कुणाचा? माझ्या घरात बाल्तझार नावाचं मांजरसुद्धा नाही!

"अरे, तोच रे," ती म्हणाली, "साँ जुआँच्या जत्रेत माझ्याबरोबर नाचायचा तो."

आता तुम्हाला सांगतो, हा बाल्तझार मला ऐकून ठाऊक होता. ओदेतनं आमच्या लग्नाआधी एकदा, फक्त एकदा, त्याचं नाव काढलं होतं. तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला बुटका केला होता. मग टक्कल पाडलं. दर दोनचार वर्षांनी त्याचं वजन वाढवत नेलं. इतकं की आता तो दारातून आडवा होऊन निघत असेल अशी माझी खात्री होती. आणि बसमध्ये बघतो तर बायको पर्समधून लिपस्टिक काढतेय! वर्षभरात पहिल्यांदा! मला आनंदच झाला हो. बस हेलकावे खात होती, तरी रेघ अशी सरळ काढली तिनं! माझ्यासाठी कधी चालत्या बसमध्ये लिपस्टिक लावली होती का? आता यात मत्सर कसला, सांगा!

जूनचं ऊन, दगडी चढ, दोन बॅगा. पोचेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटलेला आणि चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा. आणि दार उघडून समोर कोण? ताडमाड उंच! सपाट पोट! हे असे खांदे! आणि आवाज कसा, तर मधात लोणी घोळवलेलं, "दोना ओदेत! या, या! आम्ही तुमचीच वाट पाहत होतो!"

वाट पाहत होतो! किती वर्षं, त्या जत्रेपासून अडतीस? आणि माझ्याकडे वळून, "सिन्योर, बॅगा तिथे ठेवल्यात तरी चालेल." मी काय हमाल आहे?

वर खोली नंबर सात, अंगणाकडे खिडकी, खाली संत्र्याची झाडं, मेजावर लॅव्हेंडरचा गुच्छ. ओदेत त्यात नाक खुपसून म्हणते, "ह्याला कसं कळलं?" मग ती पातळ उशी. "ह्याला कसं कळलं?" दुपारी कॉफी आली, माझ्या बशीत साखरेच्या दोन पुड्या, तिच्या बशीत एकही नाही. "जेर्वाझ, ह्याला कसं कळलं रे, मी साखर सोडली ते?" आणि तुम्हाला खरं सांगू? ती साखर घेत नाही हे मला त्या क्षणी कळलं. रोज सकाळी मीच तिच्या कपात दोन चमचे घालतो. मग विचारलं, "मी देतो ती कॉफी?" तर म्हणते, "ती कुंडीत ओतते मी, जिरेनियमच्या." मी म्हटलं तरी ते जिरेनियम असं वाळतंय का!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता. तिथला जाड कवचाचा पाव, मेंढीच्या दुधाचं ते टणक चीज, सगळं बरं होतं, मी खोटं कशाला बोलू. पण बाल्तझारसाहेब वाकून, वाकून हं, एक हात पाठीमागे घेऊन, "दोना ओदेत, तुमच्यासाठी अंजिराचा मुरंबा. घरी केलेला." आणि ओदेत लाजली! अठ्ठावन्न वर्षांची बाई, तीन नातवंडांची आजी, मुरंब्याला लाजली! माझ्यापुढे काय आलं? काहीच नाही. मी विचारलं, "आणि मला?" तर तो हसून म्हणाला, "तुम्हाला काय, काहीही चालतं!"

हे त्याला कुणी सांगितलं?

मी ठरवलं, आता आपणही दाखवायचं आपण कोण आहोत. तेवढ्यात काउंटरवरचं कॉफी मशीन खाकरलं, शिट्टी मारली आणि बंद पडलं. वा! मी उठलो. बाह्या वर. म्हटलं, "सरका बाजूला, हे माझं काम." बाल्तझार म्हणाला, "अहो, तुम्ही पाहुणे..." म्हटलं, "पाहुणा असेन, पण बायकोला कळू दे की हातात कला कुणाच्या आहे!" हे शेवटचं मनात म्हटलं. स्क्रू काढले, झाकण काढलं, बघतो तर वॉशर गेलेला, व्हॉल्व्हमध्ये चुन्याचा हा एवढा थर. बसलो खरवडत. पाऊण तास! शर्टावर काळं, कपाळावर काळं. शेवटी मशीन सुरू झालं, भस्सकन वाफ आली, मी अभिमानानं मागे वळलो. तर माझ्यामागे कोण? भांडी धुणाऱ्या एक बाई. त्या म्हणाल्या, "शाब्बास हो!" आणि ओदेत? खिडकीतून बाहेर बघितलं, तर अंगणात, संत्र्याच्या सावलीत, दोघं फिरताहेत! तो झाडं दाखवतोय, ती मान वर करून बघतेय, आणि मान दुखत नाहीये! म्हणजे त्यांना पाऊण तास एकांत मिळवून दिला कुणी? मी! स्वतःच्या हातांनी! पाना घेऊन! आता यात मत्सर कसला, सांगा!

बरं, दिवसभर गावात हिंडलो. ओदेत प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची, "इथे आमची शिवणाची बाई राहायची, इथून आम्ही चोरून गोड घ्यायचो." मी हं हं करत होतो. पण मी विचार कसला करत होतो? संध्याकाळी त्या माणसाला कोपऱ्यात घेऊन विचारायचं, की बाबा रे, तुझा इरादा काय?

संध्याकाळी खोलीवर आलो. ओदेत आरशासमोर बसली, कानातलं काढलं, परत घातलं, परत काढलं. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "जेर्वाझ... तो जत्रेबद्दल काहीच बोलला नाही रे. सकाळी अंगणात एवढा वेळ होतो, नुसता झाडांना खत कुठलं घालतो ते सांगत होता. विसरला असेल का मला?" आणि मग आरशाकडे बघून, माझ्याकडे नाही, "विसरणारच म्हणा. कोण लक्षात ठेवतंय."

आता तुम्ही सांगा, मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी उडीच मारायला हवी होती! पण ते कानातलं तिनं डबीत ठेवून झाकण लावलं ना, तेव्हा ती तशीच दिसत होती हो, वर्षभर खिडकीशी बसलेली दिसायची तशी.

ती अंघोळीला गेली आणि मी तडक खाली. बाल्तझार काउंटरवर चष्मा लावून काहीतरी वाचत होता. म्हटलं, "सिन्योर, एक सांगा. माझ्या बायकोची मान, साखर, मुरंबा, हे तुम्हाला कसं माहीत?" त्यानं शांतपणे फाइल उघडली, एक कागद पुढे केला. तेल्माचं पत्र! 'आईला पातळ उशी. कॉफी बिनसाखरेची. लॅव्हेंडर. अंजिराचा मुरंबा मिळाल्यास उत्तम. बाबांना काहीही चालतं.'

पोटची पोर!

म्हटलं, "ते असू दे. पण तुम्ही ओळखलंत ना तिला? ओदेत! साँ जुआँच्या जत्रेत तुमच्याबरोबर नाचायची!" तो विचारात पडला, चष्मा काढला, पुसला. म्हणाला, "सिन्योर, रागावू नका. त्या वर्षांत मी खूपजणींबरोबर नाचलो."

खूपजणी!

तुम्हाला सांगतो, माझं टाळकंच सटकलं. खूपजणी? माझी ओदेत खूपजणींतली एक? मी काउंटरवर मूठ आपटली, ती घंटी आपोआप वाजली. म्हटलं, "अहो, लाज नाही वाटत? हिरवा झगा! बाह्यांना पांढरी लेस, आईनं पडद्याची उरलेली लेस लावली होती! बँड थांबला, वादक पाणी प्यायला गेले, तरी तुम्ही दोघं नाचत राहिलात आणि लोकांनी टाळ्यांवर ताल धरला! तिची डावी चप्पल तुटली, तर तिनं दोन्ही काढून बाजूला फेकल्या आणि अनवाणी नाचली! अशी बाई माणूस विसरतो? अनवाणी!"

बाल्तझार माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुम्ही होतात तिथे?"

"मी कुठला असणार? मी सेतुबालला. तिनं सांगितलं होतं, एकदा, लग्नाआधी, आम्ही धक्क्यावर बसलो होतो. मी पंपाचा नट आवळत होतो, तिला वाटलं माझं लक्ष नाही."

मग मी... आता हसू नका हं. मी त्याला हात जोडले. म्हटलं, "उद्या सकाळी आठवा. मी सांगतो तसं आठवा. हिरवा झगा, लेस, टाळ्या, चप्पल." आणि त्या काउंटरवर उभं राहून मी त्या माणसाची उजळणी घेतली, शाळेत घेतात तशी! "चप्पल कुठली?" "उजवी." "डावी! डावी!" माझ्याच बायकोशी कसं गोड बोलायचं हे मी दुसऱ्या पुरुषाला शिकवत होतो, तेही त्या तसल्या खांद्यांच्या!

आणि रविवारी सकाळी काय नाटक केलंन त्यानं! कॉफी ओतता ओतता थबकला, किटली हवेतच. "थांबा... दोना ओदेत... हिरवा झगा!" ओदेतच्या हातातला पाव पडला. "पांढरी लेस! टाळ्या! आणि ती चप्पल, डावी... दोन दिवस मनात घोळत होतं, पण तुमच्या यजमानांसमोर बोलावं की नाही..." वा रे वा! आणि मग तिचा हात हातात घेऊन म्हणतो, "नाचताना तुम्ही डोळे मिटून घ्यायचात."

हे मी सांगितलं नव्हतं!

तुम्हाला शपथेवर सांगतो, डोळ्यांचं मी सांगितलंच नव्हतं! मलाच माहीत नव्हतं! मग त्याला खरंच आठवलं? की ठोकून दिलं? डोळे काय, पुष्कळ बायका मिटत असतील! ओदेतला विचारावं तर कुठल्या तोंडानं विचारू? आता यात मत्सर... बरं, आहे! आहे मत्सर! झालं समाधान?

बसमध्ये बसलो. ओदेतचे गाल लाल, कानात कानातलं, खिडकीबाहेर बुचाची झाडं पळताहेत आणि ती सारखी बोलतेय, एक वर्षाचं एकदम बोलतेय. "टाळ्यासुद्धा आठवल्या रे त्याला! आईनं लावलेली लेससुद्धा!" म्हणाली, सोमवारी केस रंगवायला जाते. म्हणाली, बंदराजवळ नाचाचा वर्ग आहे म्हणे, संध्याकाळचा, आपण दोघांनी नाव घालू या. मी मान डोलावत होतो. डाव्या पायाला वात आहे माझ्या, पण डोलावत होतो.

मग तिनं माझा हात हातात घेतला, डिझेलवाला, आणि सुस्कारा सोडून म्हणाली, "बघ जेर्वाझ, अडतीस वर्षं झाली, आणि त्या माणसानं एकेक गोष्ट जपून ठेवलीय. नाहीतर तू! तुला काही सांगावं तर तुझं लक्ष त्या नटबोल्टात. जरा शिक त्याच्याकडून!"

मी म्हटलं, "शिकतो गं."